मसुरीएवढा सोडियम

आगीशी इतक्या अदबीनं वागणारा माणूस अख्ख्या छत्तीसगडात दुसरा झाला नसेल, आणि छत्तीसगड वेगळं होण्याआधीच्या त्या अवाढव्य मध्य प्रदेशातही नसेल, असं मी आमच्या लॅबवाल्या काकाजींबद्दल बेधडक सांगते. कुणाला शंका असेल तर त्यानं आधी सोडियमचा तुकडा कापून दाखवावा, मग माझ्याशी वाद घालावा. काकाजी रायपूरच्या एका सरकारी शाळेत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. पुरानी बस्तीत आमच्या घरापासून तिसरं दार त्यांचं. माझे वडील रेल्वेतले, म्हणून आम्ही वर्ध्याकडून इथं आलेलो. काकाजींचं घराणं मात्र इतकं जुनं रायपूरकर, की मूळ गाव कोणतं यावर त्यांच्या घरात तीन मतं होती. मराठी बोलता बोलता ते हिंदीत शिरायचे, हिंदीतून छत्तीसगडीत, आणि तिथून परत मराठीत यायचे. पण सोडियमविषयी कोणत्याही भाषेत बोलले तरी आवाज खाली यायचा. घरात म्हातारं माणूस झोपलेलं असताना बोलावं, तसा.

दारात पाहुणा आला की लोक ‘या, बसा’ म्हणतात. काकाजी म्हणायचे, “हात कोरडे का?” सोडियमला पाणी चालत नाही, पाण्याचा थेंब चालत नाही, इतकंच काय घामाचा ओलावाही चालत नाही, हे त्यांच्या अंगात असं मुरलं होतं की जगातला कोणताही ओला हात त्यांना बघवत नसे. डाव्या खांद्यावर कायम एक पांढरा गमछा असायचा, तो स्वतःसाठी नव्हे, समोरच्यासाठी. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात कन्यादानाच्या वेळी भटजींनी नवरदेवाच्या ओंजळीत पाणी सोडलं मात्र, गर्दीतून वाट काढत काकाजी पुढे आले आणि “एक मिनिट गुरुजी” म्हणत त्यांनी नवरदेवाचे हात कोरडेठाक पुसून टाकले. भटजी संतापले. म्हणाले, “अहो, पाणी सोडायचं असते, पुसायचं नसते!” काकाजी शांतपणे म्हणाले, “सोडा नं मग. मी कुठं नाही म्हणतो? पुसायले उभाच आहो मी.” कन्यादान दुसऱ्यांदा झालं. माझ्या जिजाजींना अजून वाटतं की ही आमच्याकडची पद्धत आहे.

माणसं ओळखायची त्यांची रीत निराळी होती. जातपात, गोत्र, पगार यांत त्यांना रस नव्हता. माणूस पाण्यात टाकला तर काय करील, एवढंच ते बघत. लिथियम पाण्यावर तरंगत बारीक बुडबुडे सोडत बसतो, त्याचं कुणाला फारसं भय वाटत नाही. सोडियम पाण्याला लागला की वितळून त्याची गोळी होते आणि ती सूं सूं करत भांडंभर सैरावैरा पळते. पोटॅशियमचं मात्र पाण्याला टेकताक्षणी जांभळ्या ज्वाळेशी लग्न लागतं. त्यापुढचे दोघे तर बुडता बुडता भांडंच फोडतात, पण ते सरकारी शाळेच्या नशिबात नसतात. या हिशेबानं माझी आई लिथियम होती, दिवसभर बारीक कुरकुर, आग कधीच नाही. वडील सोडियम. रागावले की घरभर गोल गोल फिरायचे आणि पाच मिनिटांत कुठे विरघळले ते शोधावं लागायचं. माझ्यासाठी भिलाईचं एक स्थळ आलं तेव्हा काकाजींनी मध्यस्थाला विचारलं, “बाकी ठीक आहे. पोट्टा पाण्यात टाकला त काय करते?” मध्यस्थ गोंधळून म्हणाला, “पोहता येत असंन जी, विचारून सांगतो.” ते स्थळ पुढे फिस्कटलं. काकाजींच्या मते बरंच झालं, कारण मुलगा पाण्यात टाकला तरी काहीच करणार नाही, असा त्यांचा अंदाज होता.

काकूंना त्यांनी यातल्या कोणत्याच खणात ठेवलं नव्हतं. एकदा मीच विचारलं. काकाजी म्हणाले, “ते मिट्टीतेल आहे.” सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात, म्हणून तो शांत राहतो, तेव्हा यापेक्षा मोठी स्तुती त्यांच्या शब्दकोशात नव्हती. पण काकू स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. “तीस वरसं यायच्या डब्याले पोळ्या लाटल्या, आन मी मिट्टीतेल?” असं म्हणून त्यांनी दोन दिवस चहा टाकला नाही. काकाजी दोन्ही दिवस आमच्याकडे चहाला आले, हात पुसून.

सोडियमचं माप ते दाण्यांच्या भाषेत सांगत. मोहरीएवढा तुकडा नव्या घाबरट शिक्षकांसाठी, मसुरीएवढा वर्गासाठी, तुरीएवढा तपासणीला आलेल्या साहेबांसाठी. चण्याएवढा कुणासाठीच नाही. मी अकरावीत त्याच शाळेत शिकत होते, त्या वर्षी एका नव्या सरांनी चण्याएवढ्याचा हट्ट धरला. पुस्तकं भरपूर वाचलेले होते सर. काकाजींनी एकदा समजावलं, दोनदा समजावलं, मग निमूटपणे चण्याएवढा कापला आणि आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात नेऊन उभं केलं. “खिडकीतून बी चांगलं दिसते,” म्हणाले. आवाज झाला तेव्हा समोरच्या पिंपळावरची कबुतरं उडाली. आम्ही आत डोकावलो तर सर होते, पण त्यांच्या भुवया नव्हत्या. काचेचं भांडं फुटलं होतं आणि छतावर परातीएवढा एक करडा डाग पडला होता. तो डाग चार वेळा चुना मारूनही गेला नाही. आज त्या खोलीत एक बडे अधिकारी बसतात. मी एकदा सही घ्यायला गेले होते, तर नेमके त्या डागाखालीच त्यांची खुर्ची. मी वर बघत राहिले, ते फाईल बघत राहिले.

आता मूळ गोष्ट सांगते. प्रयोगशाळेत एक रिवाज होता, कुणी लिहून ठेवलेला नव्हता पण मोडलेलाही नव्हता. सोडियम कापायचा परिचरानं, पाण्यात टाकायचा शिक्षकानं. काकाजी बाटलीतून चिमट्यानं गोळा काढायचे, टिपकागदावर रॉकेल टिपायचे, चाकूनं लोण्यासारखा तुकडा पाडायचे. कापलेली बाजू चांदीसारखी चकाके आणि बघता बघता मळकट होई. मग चिमटा सरांच्या हाती देऊन ते तीन पावलं मागे सरायचे. सर टाकायचे, गोळी पळायची, पाण्यात आधीच घातलेल्या फिनॉल्फ्थॅलिनमुळे तिच्यामागे गुलाबी रेघ उमटायची, मुलं टाळ्या वाजवायची. टाळ्या सरांना. तीस वर्षं काकाजींनी हजारभर तुकडे कापले असतील आणि एकही टाकला नव्हता. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. फक्त एकदा, आमच्या ओट्यावर शेंगा सोलता सोलता, मला म्हणाले, “एकडाव आपल्या हातानं टाकाव वाट्टे वं. पोट्ट्यांसमोर. सांगून-समजावून.” आणि मग इतके लाजले की शेंगा टाकून घरी गेले.

ती एक वेळ आली तर काय टाकायचं, हेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं होतं. कपाटाच्या वरच्या खणात, कुलपात, एक तपकिरी बाटली होती. फार वर्षांपूर्वी सोडियमच्या पेटीसोबत चुकून पोटॅशियमची ही एक बाटली आली आणि तिला हात लावायची कोणत्याच शिक्षकाची छाती झाली नाही. काकाजींनी ती सांभाळली. दरवर्षी झाकण उघडून, आतलं न हलवता, वरून ताजं रॉकेल भरायचे. तेही पदरचं, रेशनच्या दुकानात रांग लावून आणलेलं. त्या महिन्याच्या रॉकेलमधला पहिला वाटा बाटलीचा, उरलेला काकूंच्या स्टोव्हचा. काकू तिला ‘माझी सवत’ म्हणायच्या. “कशी आहे वो सवत?” असं काकाजी कामावरून आले की विचारायच्या. “मजेत आहे,” काकाजी सांगायचे, “जांभळी होऊन नाचणार आहे एक दिवस.” जांभळी ज्वाळा त्यांनी स्वतःही पाहिली नव्हती. पण तिचं वर्णन असं करायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, रोज सकाळी आंघोळीनंतर बघतात.

मी शिकून त्याच शाळेत शिक्षाकर्मी, म्हणजे कंत्राटी शिक्षिका, म्हणून लागले, रसायनशास्त्रच शिकवायला, आणि आमच्यातला एक मोठा विनोद सुरू झाला. सकाळी गल्लीत ते मला हाक मारायचे, “काहून वं पोट्टी, डबा घेतला का?” आणि तासाभरानं प्रयोगशाळेच्या उंबऱ्यावर हात जोडून म्हणायचे, “नमस्ते मॅडम. हात कोरडे आहे का तुमचे?” उंबऱ्याच्या आत तीन वर्षांत एकदाही ‘तू’ नाही. मी म्हटलं, काकाजी, मला लाज वाटते. ते म्हणाले, “लाज तुमच्या घरी, मॅडम. इथं तुम्ही टाकणाऱ्या, मी कापणारा.” माझा पहिला तुकडा त्यांनी मोहरीपेक्षा लहान कापला होता. मी तो टाकला तेव्हा डोळे मिटले होते, वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रिकाम्या प्रयोगशाळेत शेंगदाण्याचे दाणे चिमट्यानं पाण्यात टाकायला लावले, ओळीनं पन्नास. “मनगट सैल सोडा. फेकायचं नाही, ठेवायचं. झोपलेलं लेकरू खाटेवर ठेवते तसं.” मला आज जे काही येतं, ते त्या पन्नास दाण्यांचं आहे.

नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं. लाल दिव्याच्या गाड्या इतक्या वाढल्या की आमच्या पुरानी बस्तीतल्या गाईंनी वळून बघणं सोडलं. साहेब आले, साहेबांचे बाबू आले, पण बसायचं कुठं? ज्या इमारतीला चांगलं छत, ती कार्यालयाला. आमच्या शाळेचं छत एक डाग सोडला तर चांगलं होतं. हुकूम आला. शाळा दुसऱ्या शाळेत मिसळणार, त्या शाळेत प्रयोगशाळा नाही, मुलांना प्रयोग तोंडी सांगायचे. काकाजींना फाईली वाहायला एका दफ्तरात नेमलं. निवृत्तीला वर्षभर राहिलं होतं त्यांच्या. हुकूम वाचून ते एवढंच म्हणाले, “दफ्तरात हात ओले असले तरी चालते म्हणतात.”

मी त्या दिवशी ठरवलं की शेवटचा तास काकाजी घेतील, आणि तो जांभळा होईल. प्राचार्यांकडे गेले. ते पक्के लिथियम. दोन बुडबुडे सोडून म्हणाले, “कर लीजिए, पर आवाज़ न हो मैडम. बाजू के कमरे में साहब लोग बैठने लगे हैं.” काकाजींना सांगितलं तर ते माझ्यावरच बिघडले. “मी परिचर माणूस. नियमात नाही बसत.” मी हात जोडले, पाया पडायला निघाले, काही उपयोग नाही. शेवटी म्हटलं, “ठीक आहे, मग मीच टाकते. चण्याएवढा.” काकाजींनी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे बघितलं. “मॅडम,” ते म्हणाले, “किती वाजता आहे तास?”

शेवटच्या दिवशी ते लग्नाला जावं तसे आले. इस्त्रीचा सदरा, दाढी, खांद्यावर नवा गमछा. काकूही आल्या, जरीकाठी साडी नेसून, सवत पाहायला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ती प्रयोगशाळा बघितली आणि मागच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसल्या. वर्ग खच्चून भरला होता. काकाजी टेबलामागे उभे राहिले, त्या जागी, जिथून ते तीस वर्षं तीन पावलं मागे सरत आले होते. आवाज पहिल्यांदा जरा कापला. मग त्यांनी विचारलं, “बच्चा लोग, हाथ सूखे हैं?” पन्नास हात वर झाले. “हव काका!” आणि माझ्या डोळ्यांदेखत तो माणूस शिक्षक झाला. लिथियमपासून सुरुवात केली, एकेकाचा स्वभाव सांगितला, जसजसं खाली जावं तसतसं हे धातू आपला एक कण किती सहज सोडून देतात, म्हणून पाण्याशी किती जोरात भांडतात, हे अशा सोप्या भाषेत सांगितलं की मी माझी वही उघडून लिहून घेतलं. मग त्यांनी कुलूप काढलं, तपकिरी बाटली टेबलावर आणली, झाकण फिरवलं, आणि चिमटा आत घालण्याआधी, सवयीनं, खिडकीच्या उजेडात वाकून बघितलं.

ते तसेच वाकून राहिले. मी बाजूला होते, मलाही दिसलं. खणाच्या अंधारात इतकी वर्षं वरून रॉकेल घातलं, पण बाटलीच्या तोंडानं हवा थोडी थोडी आत जातच होती. गोळ्यावर पिवळी, नारिंगी पापुद्री धरली होती. अशा पोटॅशियमला चाकू लावायचा नसतो. लावला तर तो पाण्याचीही वाट बघत नाही, हातातच फुटतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि काकाजींना एका जुन्या सरांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी बजावलं होतं. वर्गात ते आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मुलं ओरडत होती, “काटिए न काका!” मागच्या बाकावर काकू मान उंच करून बघत होत्या. काकाजींचा हात चाकूपाशी होता. तो तिथं किती वेळ होता मला सांगता येणार नाही.

त्यांनी हात मागे घेतला. झाकण हळूच, अर्ध्या फेऱ्याएवढंच, टेकवलं. “बच्चा लोग,” ते म्हणाले, आणि आवाज आता अजिबात कापत नव्हता, “यह नहीं कटेगा. मैंने इसको बहुत दिन रख लिया. अच्छी चीज़ को अच्छे दिन के लिए ज़्यादा रखो, तो वो बिगड़ जाती है. इसको अब कोई छुएगा नहीं. यह भी लिख लो, यह भी केमिस्ट्री है.” पन्नास वह्यांत ते लिहिलं गेलं. मग त्यांनी रोजची सोडियमची बाटली ओढली, टिपलं, कापलं, मसुरीएवढं, एक कणही कमी-जास्त नाही. सवयीनं चिमटा माझ्यापुढे धरला. मी हात मागे बांधले.

काकाजींनी तो तुकडा पाण्यावर ठेवला. फेकला नाही, ठेवला. गोळी झाली, पळाली, गुलाबी रेघ काढत भांड्याला दोन फेरे घालून आली. मग दुसरा तुकडा त्यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या टिपकागदावर ठेवला, त्याला पळता येऊ नये म्हणून. आणि पळता न आल्यानं तो पेटला, पिवळाधमक. मी इतक्या वर्षांत इतकी शांत आग पाहिली नाही. टाळ्या अशा पडल्या की बाजूच्या खोलीतले साहेब दारात येऊन उभे राहिले, आणि काकाजींनी त्यांनाही विचारलं, “हाथ सूखे हैं न, सर?” काकू मागून म्हणाल्या, “जांभळं कुठं आहे वो?” काकाजी म्हणाले, “आपल्याले पिवळंच आलं.” काकूंनी जरा विचार केला. “पिवळं बी चांगलंच दिसते,” म्हणाल्या आणि चिवड्याचा डबा उघडला.

वर्गातल्या एका मुलीचे वडील सिलतऱ्याच्या एका कारखान्यात सुरक्षेचं काम बघत. ते दुपारी जीप घेऊन आले, तपकिरी बाटली कोरड्या वाळूच्या बादलीत बसवली आणि घेऊन निघाले. काकाजी फाटकापर्यंत गेले. ड्रायव्हरला म्हणाले, “भैया, गड्ढे बचा के. भनपुरी की तरफ रोड खराब है.” जीप वळून दिसेनाशी झाली तरी फाटकाची कडी त्यांच्या हातातच होती. लेकीला सासरी धाडलेला बाप दिसतो तसे दिसत होते, आणि मला ते बघवलं नाही म्हणून मी आत आले.

आत परीक्षानळ्या खोक्यात भरायच्या होत्या. मी दोन भरल्या आणि तिसरीला रडू लागले. ज्या दिवसासाठी या माणसानं स्वतःच्या घरचं रॉकेल ओतलं, तो दिवस मी आणला, पण उशिरा आणला. तीन वर्षं मी इथं होते. पहिल्याच वर्षी आणला असता तर कदाचित जांभळा आला असता. मी डोळे तळहातांनी पुसत होते आणि तसाच सोडियमच्या बाटलीला हात घालणार होते. तेवढ्यात मागून माझं मनगट कुणीतरी धरलं. काकाजींनी खांद्यावरचा तो नवा गमछा काढला, माझे दोन्ही हात त्यात घेतले आणि एकेक बोट करून पुसले, माझ्या जिजाजींचे पुसले होते तसे.

“रडू नको वं पोट्टी,” ते म्हणाले. “टाकलं नं मी? पह्यले हात कोरडे कर.”